छपराखालच्या सायकलमार्गाची कुळकथा

हैदराबादच्या पश्चिमेला नानकरामगुड्याजवळ आउटर रिंग रोडच्या कडेने एक न संपणारं छप्पर सुरू होतं. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यामधल्या पट्ट्यात खांबांवर सौरपट्ट्या बसवल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत साडेचार मीटर रुंदीचा, तीन पदरी सायकल ट्रॅक धावतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी तो खुला झाला. एकूण लांबी २३ किलोमीटर. नानकरामगुडा ते तेलंगण पोलीस अकादमी ही साडेआठ किलोमीटरची निळी मार्गिका आणि नरसिंगी ते कोल्लूर ही साडेचौदा किलोमीटरची गुलाबी मार्गिका. वरच्या पट्ट्यांची वीजक्षमता १६ मेगावॉट.

ज्या रिंग रोडच्या मुख्य मार्गिकांवर स्कूटरलाही मज्जाव, त्याच्याच हद्दीत सायकलला स्वतंत्र रस्ता मिळाला. हे अजब वाटतं, पण या रस्त्याचं कूळ पाहिलं तर त्यात नवल नाही. गाड्यांपासून अलग असे सायकलमार्ग बहुतेक वेळा दुसऱ्या कशासाठी तरी राखलेल्या जमिनीवरच वाढले आहेत.

सुरुवातीला तर मोटारी नव्हत्याच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात मालीबान या झाडांच्या रांगांनी सजलेल्या हमरस्त्यावर १८८५ मध्ये सायकलस्वारांना वेगळी वाट मिळाली. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ओशन पार्कवेवर, फिरायला येणाऱ्यांच्या पट्ट्यातून जागा काढून सायकलमार्ग झाला. तेव्हाची अडचण होती घोडागाड्यांची आणि खडबडीत फरसबंदीची. सायकल ही हौशी आणि खिसा भरलेल्या लोकांची चीज होती. पुढे मोटार आली, हौशी मंडळी तिकडे वळली आणि सायकल कामगारांकडे गेली. रस्ते मोटारीच्या मापाने रुंद होऊ लागले.

याची किंमत नेदरलँड्सने मोजली. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली. त्यांत ४००हून अधिक मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळे रस्ते कसे असतात ते लोकांनी पाहिलं. आजच्या डच सायकलमार्गांमागे हा इतिहास आहे.

तिथून ही कल्पना दोन दिशांनी गेली. एक शाखा शहरात राहिली: घर, शाळा, कचेरी जोडणारी. दुसरी देशभर फिरायला निघाली आणि कालव्यांचे काठ, बंद पडलेले लोहमार्ग, नद्यांचे बांध तिने आपलेसे केले.

या दुसऱ्या शाखेचा भव्य नमुना दक्षिण कोरियात आहे. चार मोठ्या नद्यांच्या वादग्रस्त सरकारी प्रकल्पाबरोबर तिथे काठाकाठाने सायकलमार्ग झाले आणि २०१२ मध्ये इंचॉन ते बुसान हा ६३३ किलोमीटरचा मार्ग सलग झाला. सोलजवळच्या एका टप्प्यात तो सोडून दिलेल्या लोहमार्गावरून आणि त्याच्या बोगद्यांमधून जातो. हान आणि नाकडोंग या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये डोंगर आडवा येतो. तिथे ५४८ मीटर उंचीची इह्वार्योंग खिंड चढावी लागते, पण गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्याने जुना घाट बहुतांशी सायकलवाल्यांकडेच आला. वाटेवर लाल टेलिफोन बूथसारख्या खोक्यांत शिक्के ठेवलेले असतात. पुस्तिकेत ते उमटवत लोक देश ओलांडतात.

हैदराबादच्या ट्रॅकचा थेट पूर्वज मात्र याच देशातला दुसरा रस्ता. देजॉन आणि सेजोंग या शहरांमधल्या महामार्गाच्या मधोमध सुमारे नऊ किलोमीटर सायकलमार्ग सौरपट्ट्यांनी झाकलेला आहे. दोन्ही बाजूंनी भरधाव गाड्या, म्हणून आत शिरायला भुयारी वाटा. भारतात अरुंद, लांब सरकारी पट्ट्यावर वीज पिकवण्याचा प्रयोग आधी पाण्यावर झाला होता: २०१२ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या चंद्रासण इथे नर्मदेच्या शाखा कालव्यावर ७५० मीटर लांबीचं, एक मेगावॉटचं छप्पर उभं राहिलं.

६ सप्टेंबर २०२२ रोजी तेव्हाचे नगरविकासमंत्री के. टी. रामाराव यांनी हैदराबादच्या ट्रॅकची पायाभरणी केली. कोरियाचा कित्ता गिरवताना एक शहाणपण झालं: ट्रॅक रस्त्याच्या मधोमध न नेता कडेला ठेवला. त्यामुळे सर्व्हिस रोडच्या बाजूने आत येता येतं. छपराचा हिशेबही इथल्या हवेला धरून आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेलंगणच्या पठारावर पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात तापलेल्या डांबरावर सकाळी नऊनंतर सायकल चालवणं ही शिक्षाच.

जमीन कोणती निवडली यावर अशा मार्गाचं नशीब ठरतं, हे मुंबईने पाहिलं आहे. पवई तलावाकाठी महापालिका बांधत असलेला सायकलमार्ग पाणथळ जागांच्या नियमांचा भंग करतो म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढायला सांगितलं. सायकलींचं शहर म्हणून नाव असलेल्या पुण्यात गोष्ट वेगळी. तिथे पट्टे आखले गेले, पण चौक, पार्किंग आणि हातगाड्या यांनी त्यांचे तुकडे पडले. हैदराबादच्या पट्ट्याला ना तलाव आडवा आला ना बाजार, कारण ती जमीन रस्त्यासाठी आधीच ताब्यात होती.

पण याच सोयीतून त्याची मर्यादाही आली. १५८ किलोमीटरचा रिंग रोड आखला गेला तो गाड्यांना शहराबाहेरून वळवण्यासाठी, म्हणून त्याच्या कडेचा ट्रॅकही वस्त्यांना वळसा घालूनच जातो. प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांसाठी पार्किंग आहे, भाड्याने सायकली मिळतात. म्हणजे मोटारीने यायचं, सायकल फिरवायची आणि मोटारीने परतायचं. व्यायामाला हे झकास. रोज कामावर जाणाऱ्याला मात्र नानकरामगुड्यापर्यंत पोचायलाच भर रहदारीतून वाट काढावी लागते.

गचिबावली, नानकरामगुडा हा भाग आयटी कंपन्यांचा. मेट्रोची निळी लाइन २०१९ पासून रायदुर्गपर्यंत येते. तिथून ट्रॅकच्या तोंडापर्यंत अंतर अवघ्या काही किलोमीटरचं आहे. तेलंगण सरकारने रिंग रोडवर ट्रॅकची लांबी वाढवण्याआधी रायदुर्ग ते नानकरामगुडा हा सुरक्षित जोडमार्ग बांधावा.