जागा किती उरली?

पावसाळ्यात कराड-मलकापूरच्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर एक आकडा लागतो. कोयनेत किती टीएमसी झालं? धरणाची क्षमता १०५.२५, आजचा साठा इतका, आवक इतकी, म्हणजे दरवाजे कधी उचलणार, हे गणित आमच्याकडं पानटपरीवरसुद्धा चालतं. त्यातला सुमारे ५ टीएमसी मृत साठा, मोजायचा पण हिशोबात धरायचा नाही, हेही पोरासोरांना पाठ आहे. मलकापुरात तर नळाला चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर. मोजून वापरायची सवय आपल्याला कुणी शिकवायला नको.

हाच माणूस माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन येतो आणि म्हणतो, "लय हँग होतोय." मी विचारतो, सी ड्राइव्हमध्ये जागा किती आहे? तर तो माझ्याच तोंडाकडं बघत राहतो. गेली कित्येक वर्षं मी मलकापुरात झेरॉक्स, स्कॅनिंग आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवतो, त्यामुळं हा सीन रोजचा. पण लोकांना हसायचा मला अधिकार नाही. का नाही, ते पुढं येईलच.

'जागा किती उरली' हा प्रश्न कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं आपल्या देशात बांधलेला कॉम्प्युटर १९६० साली चालू केला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिलं. त्याच्या चालू स्मृतीत २०४८ शब्द मावायचे, एकेक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून बघा, बरोबर १० केबी होतात. सकाळी तुमच्या मोबाइलवर येणारा गुलाबाच्या फुलाचा शुभेच्छा फोटो याच्या दहापट तरी असतो. त्या १० केबीत शास्त्रज्ञ गणितं बसवायचे. जागा किती उरली हे त्यांना विचारावं लागत नसे, प्रोग्रॅम लिहितानाच वहीत मांडलेलं असे.

तिकडं अमेरिकेत आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली व्यापारी हार्डडिस्क आणली होती. २४ इंची ५० तबकड्या, वजन टनापेक्षा जास्त, आणि मावायची अक्षरं ५० लाख. ही कपाटाएवढी वस्तू लोक भाड्यानं घ्यायचे. इतक्या महाग जागेत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा पैशांचा प्रश्न होता. वर्ष लिहिताना १९६५ ऐवजी नुसतं ६५ लिहायची पद्धत याच काटकसरीतून रुजली. दोन आकडे वाचवले आणि २००० साल जवळ आल्यावर सगळ्या जगाला घाम फुटला. आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांना अमेरिकेचं विमान त्याच घामानं दाखवलं, तो भाग वेगळा.

शिल्लक जागा विचारायची स्वतंत्र आज्ञा युनिक्समध्ये १९७१ पासून आहे, 'डीएफ', म्हणजे डिस्क फ्री. दोन अक्षरं टाका, उत्तर घ्या. डॉसमध्ये 'डीआयआर' टाकलं की फाइलींच्या यादीखाली शेवटची ओळ यायची, इतके बाइट शिल्लक. मी कराडला कॉम्प्युटर क्लास केला तेव्हा फ्लॉपीवर काही ठेवण्याआधी ही शेवटची ओळ वाचल्याशिवाय सर पुढं जाऊच द्यायचे नाहीत. फ्लॉपी १.४४ एमबीची. हा आकडासुद्धा धड इकडचा ना तिकडचा. १४४० गुणिले १०२४, म्हणजे १४ लाख ७४ हजार ५६० बाइट. एकदा हजारानं मोजायचं आणि एकदा १०२४ नं!

हा घोळ अजून मिटलेला नाही. ५०० जीबीची हार्डडिस्क घेतली आणि कॉम्प्युटर ४६५ च दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडायला गेलेले लोक मी पाहिलेत. दुकानदार निर्दोष असतो. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. १९९८ मध्ये १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी अशी वेगळी नावं दिली गेली, पण ती कुणी तोंडी घेतली नाहीत. आपल्याकडं नवा पैसा आला तरी लोक चार आणेच म्हणत राहिले, तसंच.

मराठीची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत मलकापूर लिहिलं तर आठ अक्षरं, आठ बाइट. देवनागरीत काना-उकार धरून सात चिन्हं, पण युनिकोडच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साठवणीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. फ्लॉपीच्या काळात हे परवडणारं नव्हतं. तेव्हा डीटीपीवाले जे फाँट वापरायचे, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी ठसे बसवलेले असायचे, एक ठसा एक बाइट. जागा वाचली. आज ती फाइल उघडली, तो फाँट नसला, तर पडद्यावर नुसता चिवडा दिसतो. लग्नपत्रिका गेल्या त्याचं काही नाही, पण ठराव, याद्या, अहवाल यांचंही तेच झालं.

विंडोज ९५ नं शिल्लक जागेची निळी-गुलाबी भाकरी काढून दाखवायला सुरुवात केली. व्हिस्टापासून आडवी पट्टी आली, दहा टक्क्यांच्या खाली जागा गेली की ती लाल होते. तेव्हापासून आपण आकडा वाचायचं सोडलं आणि लाल व्हायची वाट बघायला लागलो. हे फक्त आपलंच नाही हां. २९ ऑगस्ट २०२३ ला टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद पडले. दोन दिवसांपूर्वी देखभालीचं काम करताना सर्व्हरवरची डिस्क पुरली नाही, सुट्या भागांच्या ऑर्डरी घेणारी यंत्रणा बसली, आणि पर्यायी सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर असल्यानं तोही बसला. सायबर हल्ला नव्हता, जागा संपली होती.

आता माझी गोष्ट. २०१७ मध्ये पाटणकडचे एक तात्या दुकानात आले. कोयना धरणग्रस्त कुटुंब. पिशवीत वडिलांच्या नावचा भूसंपादनाच्या निवाड्याचा कागद, घडीवर फाटायला आलेला. तो स्कॅन करून प्रिंट दिली. तात्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरात ऱ्हातंय न्हवं?" मी म्हणालो, "राहतंय की तात्या, काळजी करू नका."

जून २०१९. प्रवेशअर्जांची शेवटची रात्र, दुकानात बारा-पंधरा पोरं, आणि मशिन अडलं. सी ड्राइव्ह लाल. काही सुचेना. डेस्कटॉपवर 'स्कॅन २०१७' नावाचं फोल्डर होतं, ते उडवलं. जागा वाढेना, कारण रिसायकल बिनमध्ये गेलेली फाइल जागा अडवूनच बसते. मग बिनही रिकामं केलं. पट्टी निळी झाली, पोरांचे अर्ज गेले, मी खूश.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तात्यांचं घर उभं राहिलं, पण ट्रंकेत पाणी शिरलं. पाऊस ओसरल्यावर ते आले. "कागद गेला बाळा. पर तुमच्याकडं हाय न्हवं?"

त्या रात्री डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामी होती. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, त्यामुळं सगळा माल एका खोलीत कोंबलेला आणि शेजारची खोली मोकळी. 'धिस पीसी' उघडून दोन पट्ट्या बघायला दहा सेकंद लागतात. फोल्डर उचलून पलीकडं टाकायला फार तर पाच मिनिटं. पोरांचे अर्जही गेले असते आणि तात्यांचा कागदही राहिला असता.

सरकारी दप्तरात कागद नष्ट करायलाही नियम आहे. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, ड एक. कारकुनाला वाटलं म्हणून गठ्ठा रद्दीत जात नाही, निदान जाऊ नये असं लिहून ठेवलंय. आता गावोगावच्या संस्था, सोसायट्या, आमच्यासारखी दुकानं लोकांचे कागद स्कॅन करून ठेवतात. तिथं वर्ग कोण ठरवतं? रात्री अकरा वाजता लाल पट्टीसमोर बसलेला जो कोणी असेल तो. आपल्या गावच्या सोसायटीत जाऊन एकदा विचारा, स्कॅन कुठल्या ड्राइव्हवर आहेत, दुसरी प्रत कुठं आहे, जागा किती उरली आहे. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.

तात्यांच्या निवाड्याची नक्कल अभिलेख कक्षातून मिळू शकते. पण अर्जात निवाड्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते, आणि ती त्या कागदावरच होती. गावाचं नाव आणि वडिलांचं नाव एवढ्यावर शोध घ्यावा असा अर्ज आम्ही केलाय. दोनदा मी बरोबर गेलो. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत, गाडीत कोयनेचा साठा किती झाला एवढंच विचारत होते.