नाव घामाच्या ग्रंथीचं, आजार केशकूपाचा: एका निदानाचा इतिहास

काखेत होणाऱ्या गळवाला मराठीत ‘काखमांजर’ म्हणतात. या नावातून फक्त जागा कळते, आजार का होतो याबद्दल ते काहीच बोलत नाही. वैद्यकातली नावं मात्र पुष्कळदा कारणही सांगून टाकतात, आणि घोळ तिथेच होतो. आज अशाच एका नावाचा इतिहास बघू: हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, थोडक्यात एचएस. ग्रीक ‘हिद्रोस’ म्हणजे घाम आणि ‘अडेन’ म्हणजे ग्रंथी. म्हणजे नावाचा अर्थ झाला, घामाच्या ग्रंथींचा पू होणारा दाह. प्रत्यक्षात हा आजार सुरू होतो केशकूपात, म्हणजे केस ज्या नळीतून बाहेर येतो तिथे.

आधी आजार समजून घेऊ. काख, जांघ, स्तनांखालची जागा, नितंब अशा ठिकाणी दुखऱ्या गाठी येतात, फुटतात आणि पुन्हा तिथेच येतात. हळूहळू त्वचेखाली एकमेकांना जोडलेले बोगदे तयार होतात आणि जाड व्रण उरतात. सुरुवात सहसा वयात आल्यानंतर होते. आजार संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. तरी लाजेपोटी तो लपवला जातो, आणि नेमकं निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षं जातात.

नाव कसं पडलं?

१८३९ मध्ये फ्रेंच सर्जन आल्फ्रेड वेल्पो यांनी काख, स्तन आणि गुदद्वाराजवळ होणाऱ्या अशा गळवांचं वर्णन केलं. १८५४ मध्ये त्यांचेच देशबांधव आरिस्तीद व्हेर्नोय यांनी हा आजार घामाच्या ग्रंथींशी जोडला. त्यांचा आधार होता आजाराची जागा. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासून काढलेला हा निष्कर्ष नव्हता. पुढे १९२२ मध्ये शिफरडेकर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने घामाच्या ग्रंथींचे दोन प्रकार सांगितले: एक्राइन आणि अ‍ॅपोक्राइन. अ‍ॅपोक्राइन ग्रंथी काख-जांघेत जास्त, एचएससुद्धा तिथेच. दोन्ही गोष्टी एकाच जागी दिसल्या आणि एक दुसरीचं कारण ठरली.

प्रयोगाने नाव पक्कं केलं

१९५५ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शेली यांनी एका सहकाऱ्यासोबत प्रयोग केला. १२ पुरुषांच्या काखेतले केस उपटून तिथे औषध लावलेली चिकटपट्टी बसवली. तिघांना एचएससारख्या गाठी आल्या. निष्कर्ष निघाला: अ‍ॅपोक्राइन ग्रंथीची वाट बंद झाली की आजार होतो.

इथे जरा थांबा. काखेतली अ‍ॅपोक्राइन ग्रंथी बहुधा केशकूपातच उघडते. म्हणजे पट्टीने ग्रंथीची वाट बंद झाली असेल, तर केशकूपाचं तोंडही बंद झालं. हा निकाल दोन्ही स्पष्टीकरणांना सारखाच बसतो! निवड झाली ती मात्र नावात आधीच असलेल्या स्पष्टीकरणाची.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पिल्सबरी, शेली आणि क्लिगमन यांनी एचएसला तीव्र मुरुमांच्या आणि डोक्याच्या त्वचेच्या एका आजाराच्या पंक्तीत बसवलं. हे दोन्ही आजार केशकूपाशी निगडित आहेत. म्हणजे सुगावा समोरच होता.

१९८९ मध्ये जर्मनीतल्या प्लेविग यांनी ‘अ‍ॅक्ने इन्व्हर्सा’ हे पर्यायी नाव सुचवलं. १९९० मध्ये यू आणि कुक यांनी रुग्णांच्या काखेतल्या ऊती तपासून शीर्षकातच सांगून टाकलं की हा आजार केशकूपाच्या अस्तराचा आहे, अ‍ॅपोक्राइन ग्रंथींचा नाही. २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये चीनमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास आला. त्यात गॅमा-सिक्रिटेज या एन्झाइम-संकुलाच्या जनुकांत बदल सापडले. मात्र बहुतेक रुग्णांमध्ये असे बदल सापडत नाहीत.

उपचारात काय बदललं?

आजचं चित्र असं: केशकूपाचं तोंड केराटिनने बंद होतं, तो फुगतो, त्वचेच्या आत फुटतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते. म्हणून नुसता चिरा देऊन पू काढला तर तात्पुरता आराम पडतो, पण गाठ बहुतेक वेळा परत येते. अँटिबायोटिक्स आणि शस्त्रक्रिया आजही लागतात. पण आता दाह घडवणाऱ्या रेणूंनाच अडवता येतं. टीएनएफ-अल्फाला रोखणाऱ्या अ‍ॅडालिम्युमॅबला २०१५ मध्ये एचएससाठी मान्यता मिळाली. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत १२ आठवड्यांनी ४१.८ आणि ५८.९ टक्के रुग्णांना ठरवलेला फरक पडला. प्लासिबो गटात हे आकडे २६.० आणि २७.६ टक्के होते. २०२३ मध्ये आयएल-१७ए ला रोखणारं सेक्युकिनुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे उपाय आहेत, पण सगळ्यांना पुरेसे नाहीत. संशोधनाला अजून भरपूर जागा आहे.

आपल्यासाठी धडा

व्हेर्नोय यांच्या हातात जे होतं, त्यावरून त्यांचा अंदाज वाजवी होता. अडचण पुढे झाली, कारण अंदाजाचं नाव बनलं आणि नाव कुणी तपासत नाही. जुनं नाव आजही चालू आहे, आणि सवयीचं झालेलं नाव बदलणं सोपंही नसतं. पण ते वाचताना आपण सावध राहू शकतो.

रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. तुमच्या विषयातली तीन मूळ संज्ञा घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा: हे नाव निरीक्षण सांगतं की कारण? कारण सांगत असेल, तर ते पहिल्यांदा कोणत्या पुराव्यावर ठरलं? आणि तोच पुरावा दुसऱ्या कोणत्या स्पष्टीकरणाला बसतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर तुमचा संशोधन प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.