भांगेच्या मसाल्याची कुळकथा

भांगेचा हिरवट, मातकट वास आणि कडवटपणा कमी करण्याच्या दोन रीती रूढ आहेत: पाला धुणे आणि उरलेली चव मसाल्याने झाकणे. नशा आणणारे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात किंवा दुधाच्या स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे पाण्याबरोबर पाल्याचा तुरटपणा बराचसा जातो, नशा मात्र राहते. पाल्यातले हरितद्रव्यही तुपात उतरत असल्याने धुऊन सारे भागत नाही. तिथे मसाला लागतो.

उत्तर भारतात भिजवून धुतलेला पाला मिरीबरोबर पाट्यावर मऊ वाटतात. हा गोळा बदाम, खसखस, बडीशेप, वेलची, गुलाबपाकळ्या घातलेल्या ठंडाईत कालवून फडक्याने गाळतात.

मसाल्याची एक जुनी लेखी नोंद गोव्यातली आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भांगेत जायफळ, जायपत्री, लवंग आणि कापूर मिसळत असल्याचे त्यात आहे. हे जिन्नस श्रीमंतांच्या घरचे. गरिबाच्या भांगेत ते क्वचितच पडत असावेत.

धुण्याच्या रीतीचे बारकाईचे वर्णन १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी केले. माजूम म्हणजे भांगेची मिठाई करणारे पाला, तूप आणि पाणी एकत्र आटवत. पाणी संपून भांड्याच्या कडेला तूप तडतडू लागले की ते गरम असतानाच कापडातून पिळत. थिजलेला हिरवा गोळा, पाणी रंगीत येणे थांबेपर्यंत हाताने धुवत. तो फिकट हिरवा होई. मग साखरेच्या घट्ट पाकात वाळवलेले दूध आणि हे तूप घालून वरून गुलाबाचे अत्तर शिंपडत आणि वड्या पाडत.

त्याच सुमारास पॅरिसच्या लेखक-कलावंतांत ‘दवामेस्क’ नावाचे अरबी वळणाचे चाटण चालत असे. त्यातही लोणी, साखर, पिस्ते, दालचिनी, लवंग, जायफळ. अ‍ॅलिस बी. टोक्लस यांच्या १९५४ च्या पाकपुस्तकातल्या प्रसिद्ध कृतीत मिरी, जायफळ, दालचिनी आणि धने यांच्या जोडीला खजूर, अंजीर, बदाम आले. ती कृती चित्रकार ब्रायन गायसिन यांनी दिलेली होती. पुढे अमेरिकेत ब्राउनी रूढ झाली आणि मसाल्याचे काम कोको करू लागला.

या सगळ्या रीती चव बदलतात, नशेचे प्रमाण बदलत नाहीत. कडवटपणा गेला की किती खाल्ले याचा जिभेला अंदाज राहत नाही, आणि खाल्लेल्या भांगेचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. म्हणून असा पदार्थ जितका रुचकर, तितका तो बेताने खाण्याचा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवण्याचा. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजा-चरसाच्या व्याख्येत शेंड्याविना नुसता पाला येत नाही. भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत.