पोत्यात नेमकं काय विकत घेतलं?

मंडळी, एकलहऱ्यात बसून गोदावरीबद्दल बोलायचं, म्हणजे तिच्याकडे खालच्या अंगानं पाहायचं. रामकुंड, तपोवन, टाकळी, दसक, पंचक ओलांडून ती इथं येते. तपोवन, आगरटाकळी, पंचक इथं महापालिकेची मलजलशुद्धीकरण केंद्रं आहेत. नाशिकनं वापरलेलं पाणी तिथून नदीत जातं आणि मग आपल्याकडे. या पाण्यातले रोगजंतू मारायचं सगळ्यात जुनं आणि स्वस्त साधन म्हणजे क्लोरीन. आपल्या शेजारच्यासारख्या औष्णिक वीज केंद्रांनाही थंड करण्याच्या पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून तो लागतो. तेव्हा आजचा प्रश्न असा: क्लोरीन विकत घेतो, म्हणजे आपण काय विकत घेतो?

ब्लीचिंग पावडरचा जन्म जंतूंसाठी झालाच नाही. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करायला. व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ मध्ये डॉक्टरांना त्याच चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. अमेरिकेत जर्सी सिटीनं १९०८ मध्ये शहराच्या पिण्याच्या पाण्यात ती नियमितपणे घालायला सुरुवात केली. हे सगळं पुस्तकांत सापडतं. आम्हाला महत्त्वाची वाटते ती यातली मधली एक गोष्ट, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

कापडवाल्यांची अडचण अशी की दोन पिंपं दिसायला सारखी, वजनाला सारखी, पण एकात दम आणि दुसऱ्यात नाही. फ्रान्समध्ये देक्रोआझिय यानं १७९५ च्या सुमारास एक नळी तयार केली. द्रावणानं किती नीळ रंगहीन होते, ते पाहायचं आणि त्यावरून ताकद ठरवायची. पुढे १८२४ मध्ये गे-ल्युसॅकनं ही मोजणी पक्की केली. म्हणजे रसायनशास्त्राची एक मोठी पद्धत गिऱ्हाइकाच्या संशयातून वाढली!

वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर पावडर हे द्रव्य, आणि आपल्याला हवा असतो तो तिचा गुण. (गुरुत्व, म्हणजे वजनदेखील, त्यांनी गुणांतच धरलं आहे, खरेदी खात्याला नेमका तेवढा एकच गुण दिसतो.)

आम्ही एकदा एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी समितीवर होतो. तुलनात्मक तक्ता समोर आला: पुरवठादार, दर किलोमागे, एकूण रक्कम. सर्वांत कमी दर, सही करा. आम्ही विचारलं, यात उपलब्ध क्लोरीन किती टक्के? कुणालाच सांगता येईना. आता हिशेब बघा. २५ किलोच्या पोत्यात ३२ टक्के क्लोरीन असेल, तर ८ किलो कामाचा माल. तेच पोतं उन्हात, दमटात पडून २० टक्क्यांवर आलं, तर ५ किलो. वजन तेच, बिल तेच. आणि ऑपरेटर मापानंच टाकतो, त्यामुळे नोंदवहीत डोस बरोबर दिसतो.

मलजलात तर आणखी एक भानगड आहे. त्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण आधी क्लोरीन खाऊन टाकतात. उरलेला जंतूंपर्यंत पोचतो. आधीची शुद्धी नीट झाली नसेल, तर पोती वाढवून फार उपयोग नाही. उलट जास्तीचा क्लोरीन नदीतल्या माशांना मारतो. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत मलजल केंद्रांसाठी मर्यादा घातली: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलीफॉर्म १००० पेक्षा कमी. म्हणजे कायदा शेवटी पाण्यात काय उरलं ते मोजतो, आणि निविदा मात्र पोती मोजते.

आता कुंभमेळा तोंडावर आला की ही खरेदी घाईनं आणि घाऊक होणार. घाऊक साठा म्हणजे जुना होणारा साठा. निविदेत दर ‘उपलब्ध क्लोरीनच्या किलोमागे’ मागायचा, माल टप्प्याटप्प्यानं घ्यायचा, आणि गाडी उतरवण्याआधी नमुना तपासायचा. तपासणीला पोटॅशियम आयोडाइड, थायोसल्फेट आणि अर्धा तास पुरतो.

आमच्या त्या समितीत पुढच्या वर्षी तक्त्यात टक्केवारीचा एक रकाना वाढला. आधीची पोती मात्र गोदामात तशीच होती. खालच्या थराला ओल लागलेली, आणि वास जवळजवळ गेलेला.