इसवी सन १८९६ : एका वर्षाचें जगवृत्त

१८९६ हें वर्ष एका विलक्षण वार्तेनेंच उजाडलें. वुर्झबर्ग येथील प्राध्यापक राँटगेन यांनीं एका अदृश्य किरणाचा शोध लावला असून त्याच्या योगें जिवंत माणसाच्या हाडांचें छायाचित्र घेतां येतें, असें जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यांत युरोपांतील पत्रांनीं छापलें. त्यांतील प्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या पत्नीच्या हाताचें होतें. बोटांतील अंगठी त्यांत स्पष्ट दिसते. राँटगेन यांनीं शोधाचें पेटंट घेतलें नाहीं, आणि थोड्याच महिन्यांत देशोदेशींचे डॉक्टर या किरणांनीं मोडलेलीं हाडें व शरीरांत रुतलेल्या गोळ्या पाहूं लागले.

पुढें १ मार्चचा रविवार आला. पॅरिसमध्यें बेकरेल या शास्त्रज्ञानें, आकाश अभ्राच्छादित असल्यामुळें खणांत ठेवून दिलेली एक छायाचित्रणाची काच त्या दिवशीं धुऊन पाहिली. तीवर ठेवलेल्या युरेनियमच्या क्षाराची आकृति सूर्यप्रकाशावांचूनच उमटली होती. किरणोत्सर्गाचा शोध तो हाच.

त्याच दिवशीं आफ्रिकेंत आडवा येथें लढाई झाली. इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक यानें १८८९ सालीं इटलीशीं वुचाले येथें तह केला होता. त्याच्या १७ व्या कलमाचे दोन पाठ होते. अम्हारिक पाठाप्रमाणें परराष्ट्रांशीं व्यवहार करतांना सम्राटास इटलीचें साहाय्य घेतां येई. इटालियन पाठाप्रमाणें तें घ्यावेंच लागे. क्रियापदाच्या एका रूपानें एक राज्य गिळण्याचा हा बेत होता, असें आम्हांस वाटतें. मेनेलिकनें तह झुगारला, युद्ध जुंपलें, आणि आडवाच्या डोंगरांत जनरल बारातिएरीच्या सैन्याचा पुरता मोड झाला. रोममध्यें क्रिस्पीचें मंत्रिमंडळ कोसळलें. इटालियन कैद्यांच्या सुटकेसाठीं पोप लिओ १३ वे यांनीं मॅकेरियस या कॉप्टिक बिशपांस मेनेलिककडे धाडलें. परंतु इटलीनें ऑक्टोबरांत इथिओपियाचें स्वातंत्र्य मान्य करून नवा तह केल्यावरच ते कैदी सुटले.

एप्रिलांत अथेन्सला ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें. ऑगस्टांत इंग्रजांनीं झांझिबारच्या राजवाड्यावर तोफा डागल्या. तें युद्ध, त्यास युद्ध म्हणावयाचें तर, एका तासाच्या आंत आटोपलें. वर्ष सरतां सरतां, ३० डिसेंबरला, स्पॅनिश सरकारनें मनिला येथें होसे रिझाल या ग्रंथकारास गोळ्या घालून ठार केलें.

आपली मुंबई या जगवृत्ताबाहेर नव्हती. ७ जुलै रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें एक रुपया तिकिटानें दाखविलीं गेलीं. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहींत, तोंच मांडवींत लोक पटापट मरूं लागले. तीव्र ताप येई, जांघेंत व काखेंत गांठी उठत. मूळचे गोमंतकाचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं सप्टेंबरांत निदान केलें कीं, हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग होय. व्यापारी बंदरास हा शब्दच नकोसा. पुष्कळांनीं शंका घेतली. परंतु रोगानें शंकेस फार काळ वाव दिला नाहीं. लाखों माणसें शहर सोडून पळालीं, आणि त्यांच्याबरोबर प्लेगही बाहेर गेला. १८९७ च्या आरंभीं युरोपांतील राष्ट्रांनीं त्याच्या धास्तीनें व्हेनिस येथें परिषद भरविली.

या रोगाचा जंतु यर्सिन यानें १८९४ मध्यें हाँगकाँगला शोधून काढलेला होता. तो माणसापर्यंत पोहोंचतो कसा, हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून गटारें धुतलीं, घरांत कार्बोलिक शिंपडलें, रोग्यांस कुटुंबांतून ओढून इस्पितळांत नेलें. आणि उंदीर मात्र मोकळे राहिले. मुंबईंतील जुन्या ख्रिस्ती वाड्यांतून लोकांनीं त्या संकटाच्या काळीं क्रूस उभारले. त्यांतील कित्येक अद्याप उभे आहेत. डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक आहे, हें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोगानें दाखविलें तें १८९८ सालीं. आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं.