काळी, पांढरी आणि माळवद

दख्खनच्या पठारावरील जुन्या व्यवहारात गावाच्या भूमीचे दोन भाग मानलेले आढळतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे लागवडीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत दोन्ही शब्दांची दखल घेतलेली आहे. पुढे पांढरी हा शब्द गावच्या रहिवाशांच्या समुदायासही लावला गेला. मातीच्या रंगाचे नाव समाजाचे नाव व्हावे, यात घर आणि भूमी यांचा जुना संबंध साठविला आहे.

हा भेद अनुभवातून आलेला होता. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया स्थिर राहत नाही. पांढरी माती त्या मानाने स्थिर असून भिंतीस व छपरास उपयोगी पडते. शिवाय पिकाऊ जमीन घरांखाली जात नसे. पडक्या घराची माती नव्या घरास लागे. प्राचीन वस्त्यांच्या टेकाडांसही लोक पांढरीच म्हणतात, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

याच मातीतून माळवदाची घरे उभी राहिली. घराचे माप खणांनी सांगत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी रचना असे. मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि ऊन कडक. तेथे सपाट छप्पर पुरेसे होते व जाड मातीमुळे घर थंड राहत असे. धो धो पावसाच्या कोकणात मात्र जांभ्याच्या भिंती व उतरते छप्पर हेच योग्य ठरले. एकाच भाषेच्या प्रदेशात घराचे शब्द बदलतात, ते हवामान बदलते म्हणून.

परंतु निसर्गाशी जुळलेले घर म्हणजे निर्दोष घर नव्हे. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे स्वतःच्या घरांखाली मृत्युमुखी पडली. दोष केवळ मातीचा नव्हता. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे नवी माती चढत गेल्याने छपरांचा भार फार वाढला होता. दगडी भिंतींचे आतील व बाहेरील पदर जोडणारे आरपार दगड बहुधा घातलेलेच नव्हते. त्यामुळे पदर सुटे होऊन भिंती ढासळल्या. काही घरांत भिंती पडूनही लाकडी सांगाडे उभे राहिले. पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतींचे पदर बांधणे व माळवदावरील जादा माती उतरविणे, हेच उपाय सांगितले गेले.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यासाठी शेतजमिनी संपादित कराव्या लागल्या. जी काळी पूर्वजांनी घरांपासून राखली होती, तिच्याच काही भागावर नवी पांढरी वसली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पर्यावरणाशी अनुरूप वास्तुरचना म्हणजे विशिष्ट साहित्याचा वारसा नव्हे; ऊन, पाऊस, माती आणि भूमीची हालचाल या सर्वांचे एकत्रित भान ठेवून पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवलेले ते कौशल्य होय. पहिल्या तिहींचे भान भाषेने काळी, पांढरी, माळवद या शब्दांत जपले. चौथ्याचे स्मरण ठेवणारा शब्द लोकांजवळ नव्हता, आणि त्या उणिवेचे मोल फार मोठे पडले.