न गेलेल्या फेऱ्या

१५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेले एक हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळच्या जंगलात कोसळले. आत सात माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले एक जोडपे होते आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी. दरी ढगांनी भरलेली होती. पायलट लष्करातून निवृत्त झालेला, अनुभवी. अशी बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "एवढा जाणता माणूस, समोर ढग दिसत होता ना, मग आत शिरला कशाला?"

मी आयुष्यभर मुलांना भाषा आणि इतिहास शिकवला. विमानविद्येशी माझा संबंध नाही. पण या प्रश्नाला एक इतिहास आहे हे वाचनात आले, आणि तो वाचताना मला सारखी आपल्या किनारपट्टीची आठवण येत होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

ढगात शिरल्यावर नेमके काय होते, हे आधी पाहू. आपण उभे आहोत की कललेले आहोत हे आपल्याला मुख्यतः डोळ्यांमुळे कळते. कानाच्या आत तोल सांभाळणारी इवलीशी यंत्रणा असते, पण तिला डोळ्यांची साथ लागते. १९२६ साली विल्यम ऑकर नावाच्या अमेरिकन लष्करी वैमानिकाला वैद्यकीय तपासणीत डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसवले. फिरणारी खुर्ची हळू झाली की त्याला वाटे ती थांबली, आणि थांबली की वाटे आता ती उलटी फिरते आहे. वर्षानुवर्षे विमान चालवणारा माणूस, पण त्याचे शरीर त्याच्याशी चक्क खोटे बोलत होते! त्या खुर्चीतून उठल्यावर ऑकरने पुढची अनेक वर्षे एकच गोष्ट सांगितली : ढगात स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवू नका, समोरच्या उपकरणांवर ठेवा.

पुष्कळ जुन्या वैमानिकांना हा अपमान वाटला. "आम्हाला काय विमान कळत नाही?" पण १९२९ च्या सप्टेंबरमध्ये जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही दिसणार नाही अशा झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांकडे पाहून विमान उडवले, फिरवले आणि उतरवूनही दाखवले. पुढे १९५४ साली इलिनॉय विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना, ढगात असल्यासारखे बाहेरचे दिसेनासे करून विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा गेला. कुणाचा वीस सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांत. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

हेलिकॉप्टरचे तर आणखी कठीण. ते मोकळे सोडले तर विमानासारखे सरळ जात राहत नाही. त्याला सतत सांभाळावे लागते. शिवाय ते जमिनीलगत, डोंगरांच्या बेचक्यांतून उडते. त्यामुळे चूक सुधारायला उंचीही नसते आणि वेळही नसतो.

आता आपल्या देशातली यादी पाहा. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर आंध्रात कैकलूरजवळ माशांच्या तळ्यात कोसळले. नीट दिसत नव्हते म्हणून खाली उतरण्याचा प्रयत्न चालला होता. (त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आपले मनोहर जोशी बसले, हे अनेकांना आठवत असेल.) २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचेच मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी वादळी पावसाच्या ढगांत सापडले आणि नल्लमलाच्या जंगलात गेले. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून निघाले. त्यांचे हेलिकॉप्टर सापडायला पाच दिवस लागले. ८ डिसेंबर २०२१ रोजी जनरल बिपिन रावत सुलूरहून वेलिंग्टनला निघाले. ११ वाजून ४८ मिनिटांनी उड्डाण, सव्वाबाराला उतरायचे, आणि १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास संपर्क तुटला. एकूण चौदा जण गेले. चौकशीत निष्पन्न झाले की यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता. दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि पायलटला दिशाभ्रम झाला. म्हणजे यंत्र धडधाकट, ताबाही माणसाच्याच हातात, आणि तरी डोंगरावर आदळले.

महाराष्ट्रातही, २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधनला धुक्यात हेलिकॉप्टर कोसळून दोन पायलट आणि एक अभियंता असे तिघे गेले. ते जुहूला निघाले होते, तिथून खासदार सुनील तटकरे यांना घ्यायचे होते. त्या अपघाताचे नेमके कारण काय यावर मी काही बोलणार नाही. पण एवढे लक्षात येते की अशा फेरीत प्रवासी अजून बसलेलाही नसतो, पण दिवसाचे वेळापत्रक मात्र आधीच चढून बसलेले असते.

तर मूळ प्रश्न, शिरला कशाला? आपण पटकन म्हणतो, मागे बसलेल्या साहेबाने दडपण आणले असेल. कधी तसे होतही असेल. पण अमेरिकेतले एक उदाहरण मला जास्त बोलके वाटले. २६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलचा जगप्रसिद्ध खेळाडू कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी आणि आणखी सात जण कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर अपघातात गेले. तिथल्या सरकारी चौकशीने वर्षभर खोदकाम केले. कुणी पायलटवर दडपण आणल्याचा पुरावा मिळाला नाही. ना कंपनीने, ना ब्रायंटने. दडपण होते ते त्याने स्वतःच स्वतःवर घातलेले. नेहमीचा माणूस, विश्वासाचा संबंध, मुलांचा सामना, वेळेवर पोचवायचे आहे. मुक्काम जवळ येत जातो तसे मागे फिरणे जड होत जाते. ढगात शिरल्यावर त्याने नियंत्रण कक्षाला सांगितले की आपण चार हजार फुटांकडे वर चढतो आहोत. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली चालले होते. तो खोटे बोलत नव्हता. ऑकरच्या खुर्चीने जे दाखवले होते तेच इथे झाले, चौऱ्याण्णव वर्षांनी.

आणि गंमत अशी, म्हणजे वाईट गंमत, की हेलिकॉप्टर हे एकच वाहन असे आहे जे आकाशात मध्येच थांबू शकते, वळू शकते, शेतात किंवा मैदानात उतरू शकते. विमानाला धावपट्टी लागते, याला खळ्याएवढी जागा पुरते. जाणकार सांगतात ते एवढेच : पुढचे दिसेनासे होण्याच्या आत खाली उतरा आणि जिवंत राहा. पण उतरायचे कुणासमोर? उशीर झालेल्या माणसांसमोर!

याचा एक नमुना मी पाहिलेला आहे. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपीचा विमानतळ सुरू झाला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्याआधी घाईतला पुढारी यायचा म्हणजे हेलिकॉप्टरने, आणि ते उतरायचे बहुधा एखाद्या शाळेच्या मैदानात. आदल्या दिवशी चुन्याने मोठे वर्तुळ काढायचे, धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचे, पोलीस, अग्निशमनाचा बंब, आणि कुंपणावर आमची मुले! असेच एकदा निवडणुकीच्या दिवसांत सगळी तयारी झाली. माणसे सकाळपासून ताटकळत होती. घाटाकडून ढग खाली उतरलेले. दोन-अडीच तासांनी निरोप आला की हेलिकॉप्टर अर्ध्या वाटेवरून परत फिरले. गर्दीतून लगेच आवाज आला, "पायलट भियालो रे!" आणि मोठा हशा पिकला. त्या पायलटचे नाव कुणाला माहीत नव्हते, आजही नाही. तो परत गेला, जेवला असेल, घरी मुलांना भेटला असेल. त्याच्यासोबतचेही सगळे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सभा रद्द झाल्याची बातमी होती, माणसे सुखरूप असल्याची नव्हती.

मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. कोसळलेल्या फेऱ्यांचा इतिहास लिहिला जातो, न गेलेल्या फेऱ्यांचा लिहिला जात नाही. त्यामुळे परत फिरणाऱ्याच्या पदरात फक्त हशा पडतो, आणि पुढचा पायलट तो हशा ऐकून असतो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र या बाबतीत जुने शहाणपण आहे. आमच्या लहानपणी मुंबईहून मालवणला आगबोट येत असे, पण पावसाळा लागला की ती बंद. कितीही तातडी असो, बंद म्हणजे बंद. कप्तानाने हिंमत करायची की नाही हा प्रश्नच उरत नसे. उलट मुंबई-रेवस ही जवळची फेरी पावसाळ्यातही चाले. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट भर पावसात त्याच मार्गावर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जिथे नियमाने दार लावलेले होते तिथे कुणाला धाडस करावे लागले नाही. जिथे उघडे होते तिथे त्या दिवशीच्या माणसांवर सगळा भार पडला.

आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यात माशांच्या विणीचा विचार आहे तसा माणसांच्या जिवाचाही आहे. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यात जाणारी होडीसुद्धा पावसाळ्यात बंद. पर्यटक कितीही हुज्जत घालोत. आणि हंगामातही होडीवर अखेरचा शब्द तांडेलाचा. माझ्या वर्गात मच्छीमारांची पुष्कळ मुले असत. त्यांच्याकडून ऐकलेले, तांडेल पहाटे किनाऱ्यावर येऊन वारा बघतो, पाण्याचा रंग बघतो आणि म्हणतो, "आज जावचा नाय." संपले. कारण विचारायची पद्धत नाही, आणि त्याला भित्रा म्हणायची तर नाहीच. डिझेलचे पैसे, बर्फाचे पैसे, खलाशांची मजुरी सगळे डोक्यावर असताना तो हे म्हणतो, आणि होडी वाळूवर राहते.

कुणी म्हणेल, मग संकटातही कुणी जाऊच नये का? तसे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमचा मालवण-देवबागचा किनारा झोडपला आणि दुसऱ्या दिवशी मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. वादळाची सूचना आधीच मिळाली होती, तरी २६१ माणसांसह तो समुद्रातच राहिला होता. तेव्हा नौदलाची जहाजे आणि हेलिकॉप्टरे त्या खवळलेल्या दर्यात गेली आणि १८६ जणांना घेऊन आली. पण ती गेली ती त्यासाठी शिकलेली माणसे, त्यासाठी बनवलेली यंत्रे घेऊन. सभेसाठी, दर्शनासाठी, वेळ गाठण्यासाठी तोच धोका पत्करणे हे शौर्य नव्हे.

नियम हेलिकॉप्टरलाही आहेत. डोळ्यांनी बघून उडायचे तर साधारणपणे पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे, ढगांपासून ठरावीक अंतर राखले पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. पण ढग रेषा आखून येत नाही. पाचाचे चार होतात, चाराचे तीन, आणि प्रत्येक वेळी मन म्हणते, "अजून थोडे पुढे जाऊन बघू." म्हणून कुठून परत फिरायचे हे निघण्याच्या आधी, जमिनीवर, शांत डोक्याने ठरलेले हवे. आणि ते पाळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारता कामा नये.

यात आपल्याला करण्यासारखे काय? मला वाटते, पुष्कळ आहे. तिकीट काढून रांगेत उभे असताना "आज उड्डाण नाही" असे कळले, तर काउंटरवरच्या पोरावर ओरडू नये. पुढारी आला नाही म्हणून हसू नये. घरातला कोणी पावसात गाडी थांबवून धाब्यावर दोन तास बसला, तर "एवढा उशीर?" असे न म्हणता "बरे केलेस" म्हणावे.

असो. लेख लांबला. वाचकांपैकी कुणाच्या घरात अशी एखादी न गेलेली फेरी असेल, परत वळवलेली होडी, थांबवलेली एसटी, रद्द केलेली बोट, तर जरूर लिहून कळवा. नातेवाईक मंडळींनी तर नक्कीच. अशा आठवणी कुठेतरी नोंदवून ठेवल्या पाहिजेत.